आधी मोजा, मग कोटेशन मागवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीजदर वाढले की सातपूर-अंबडच्या उद्योजकांच्या प्रतिक्रिया आपल्या दैनिकात येतात. पाठोपाठ वीजबचतीची यंत्रे विकणारे कारखान्याच्या गेटवर हजर होतात. ‘३० टक्के बचत, सव्वा वर्षात पैसे वसूल’ असा छापील कागद हातात पडतो. लहान कारखान्यात तो तपासायला वेगळा माणूस नसतो. मालकच खरेदी बघतो, मालकच बँकेत जातो. मी अंबडमध्ये मेन्टेनन्समध्ये आहे आणि असे कागद माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यातला गुणाकार-भागाकार बरोबर असतो, पण मुळात घेतलेले आकडे कुणी मोजलेलेच नसतात.

साधी मोटर घ्या. १५ किलोवॉट, चार पोल. जुन्या आयई-१ वर्गाची कार्यक्षमता ८८.७ टक्के, आयई-३ची ९२.१. मोटर पाऊण लोडवर चालते असे धरले, तर दोन्हींच्या वीजवापरात फरक पडतो जेमतेम ०.४७ किलोवॉटचा. तीन पाळ्यांत, म्हणजे वर्षाला ७,२०० तासांत, सुमारे ३,३७० युनिट वाचतात. युनिटला ९ रुपये धरले तर ३० हजार रुपये. मोटर बसवून ६० हजारांत पडली तर दोन वर्षांत पैसे सुटतात. हीच मोटर एका पाळीत २,४०० तास चालत असेल तर बचत १० हजारांवर येते आणि वसुलीला सहा वर्षे लागतात. विक्रेत्याच्या कागदावर मात्र तास लिहिलेले असतात ८,७६०. म्हणजे दिवाळीचीसुद्धा सुट्टी नाही! जुनी मोटर जळालीच असेल तर गणित वेगळे. रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचा खर्च तसाही होणारच होता, तो वजा करून उरलेल्या रकमेवर परतावा काढायचा. रिवाइंडिंग नीट झाले नाही तर कार्यक्षमता आणखी घसरते, हेही धरायचे. तीन पाळ्या चालणाऱ्या मोटरला अशा वेळी नवीच घेणे परवडते.

आता ते ९ रुपये. बरेच जण महिन्याच्या एकूण बिलाला युनिटने भागतात आणि येईल तो दर धरतात. पण बिलात डिमांड चार्जही असतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली जाते यावरचा आकार. युनिट कमी झाले म्हणून तो त्याच प्रमाणात उतरत नाही. रेकॉर्डेड डिमांड (मीटरवर नोंदलेली सर्वाधिक मागणी) खाली आली किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरवलेली मागणी) कमी करून घेतली तरच त्यात फरक पडतो. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून बिल केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेली पण कामी न आलेली वीजही धरून येते, शिवाय दिवसातल्या वेळेनुसार दर बदलतो. बचत कोणत्या पाळीत होणार हे ठाऊक नसेल तर रुपयाचा आकडा अंदाजपंचेच.

मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीची तर कमालच आहे. सेंट्रिफ्यूगल पंखा ८० टक्के वेगाने फिरवला तर वीज सुमारे ५१ टक्केच लागते, हे खरे. पण हाच घनाचा नियम (वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते) हवा दाबून देणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरला लावलेला मी पाहिला आहे! तिथे वीज साधारण वेगाच्या प्रमाणातच कमी होते. कॉम्प्रेसर दिवसभर पूर्ण लोडवर असेल तर व्हीएफडी लावून वाचणार काहीच नाही, उलट व्हीएफडीच स्वतः थोडी वीज खातो.

कॉम्प्रेसरचीच खरी बचत शोधायची तर घड्याळ पुरते. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. तो दीड मिनिट लोड (हवा भरत) आणि साडेचार मिनिटे अनलोड (नुसता फिरत) राहिला, तर दीड भागिले सहा, म्हणजे त्याच्या क्षमतेची २५ टक्के हवा गळतीत जाते. ३७ किलोवॉटच्या मशीनला हा सव्वानऊ किलोवॉटचा फटका. मात्र इथेही सगळे सव्वानऊ हातात येत नाहीत, कारण अनलोडमध्येही स्क्रू कॉम्प्रेसर बरीच वीज ओढतो. ती पूर्ण लोडच्या ३० टक्के धरून वजा केली तरी ६,००० तासांत ३८ हजारांवर युनिट उरतात, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. उपाय काय? क्विक कपलर, पीयू पाइप, क्लॅम्प आणि साबणाचे पाणी घेऊन फिरणारा एक फिटर. यात कमिशन नाही, म्हणून हे कुणी विकायला येत नाही.

ऊर्जा दक्षता ब्युरोचे प्रमाणित लेखापरीक्षक आहेत, पण आठ-दहा मशीनच्या जॉबवर्कवाल्याला पूर्ण ऑडिट जड जाते. त्याला हवा असतो आठवडाभरासाठी वीजवापर नोंदवणारा एक पॉवर अ‍ॅनालायझर. निमा, आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी असे दोन-तीन संच सभासदांना नाममात्र भाड्याने द्यावेत आणि रीडिंग घ्यायला नाशिकच्या पॉलिटेक्निकची मुले सोबत घ्यावीत. बँकांनीही अशा कर्जासाठी विक्रेत्याच्या कागदाऐवजी हे आठवड्याचे रीडिंग मागावे. ऑर्डर देताना मालकांनी २५ टक्के रक्कम हातात ठेवावी आणि यंत्र बसल्यावर त्याच जागी, तेवढ्याच उत्पादनावर पुन्हा मोजणी झाली की मगच चेक द्यावा. विक्रेता या अटीला किती तयार होतो, यावरूनच त्याच्या ३० टक्क्यांचा अंदाज येतो.

आपला,
एक वाचक, अंबड, नाशिक