विक्रांत नव्हे, केस्ट्रेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, येळ्ळूरला पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा लावून बसलो होतो. गिरणीवाल्याने मोबाईल पुढे केला. "आप्पा, बघा की, आपल्या विक्रांतवरनं विमानं कराचीला निघाली!" जहाज एका अंगाला कललेले, धूरच धूर, आणि त्यातून काळी विमाने एकामागून एक सुटत होती. अंधूक चित्र. गिरणीत टाळ्या पडल्या.

मी पंधरा वर्षे नौदलात काढली, त्यातली बरीचशी विराट या विमानवाहू नौकेच्या डेकवर, विमाने हलवण्याच्या कामात. म्हणालो, "ही आपली नव्हेत. मागेपुढे होणाऱ्या पंखांचं हे एफ-१४. आपल्याकडं ते कधीच नव्हतं, आणि अमेरिकेच्या नौदलानंही २००६ साली निवृत्त केलं." शिवाय विमान वाफेच्या झटक्याने, कॅटापुल्टने फेकले जात होते. १९६१ साली नौदलात आलेल्या जुन्या विक्रांतवर कॅटापुल्ट होता. २०२२ च्या नव्या विक्रांतवर नाही. तिचे नाकाड वर उचललेले आहे, मिग-२९के स्वतःच्या जोरावर धावत त्या चढावरून उडते. आणि डेक एवढा कललेला असताना उड्डाण? विराटवर समुद्र खवळला की हॅरियर विमानांच्या साखळ्या आवळायला आम्ही भर रात्री धावायचो. बोटांची साले निघायची.

"आप्पांना देशाचं कौतुकच न्हाई," मागून कोणीतरी बोलले. ते लागले. डबा तिथेच ठेवून घरी आलो.

पुतण्याने बघताक्षणी ओळखले. "काका, ही तर केस्ट्रेल!" माळ्यावरचा जुना प्लेस्टेशन २ काढून त्याने लावूनच दाखवला. एस कॉम्बॅट ५, नामको कंपनीचा २००४ चा व्हिडिओ गेम. ओशिया नावाच्या काल्पनिक देशाची ही विमानवाहू नौका. पाणबुडीची क्षेपणास्त्रे लागून ती बुडू लागते, तरी कप्तान अँडरसन उरलेली चार विमाने आधी हवेत पाठवतो. खरे सांगतो, तो प्रसंग मी तीनदा बघितला. माझी विराट २०१७ साली निवृत्त झाली आणि पुढे अलंगला मोडली गेली. ही निदान लढता लढता बुडाली. (केस्ट्रेल म्हणजे हिवाळ्यात आपल्या कापलेल्या भातशेतांवर एका जागी फडफडत थांबणारा तो छोटा ससाणा. हॅरियरही असेच अधांतरी थांबायचे.)

खेळ करणाऱ्यांनी कुणाला फसवले नाही. फसवले ते त्यातला तुकडा कापून वर 'विक्रांत' लिहिणाऱ्याने. व्हिडिओ गेममधली दृश्ये लढाईची म्हणून फिरताहेत, असे त्या दिवसांत पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानेही सांगितले होते. पण ते आमच्या गिरणीपर्यंत पोचले नाही. तुकडा मात्र पोचला.

हे आता लिहायचे कारण म्हणजे, परवा एका दैनिकात कारवारच्या नौदल तळाच्या बातमीशेजारी विमानवाहू नौकेचा फोटो होता आणि तिचा डेक पुढे अगदी सपाट होता. आपल्या दोन्ही नौकांची, विक्रमादित्यची आणि विक्रांतची, नाके वर आहेत. आपल्याकडे असा फोटो आला, तर छापण्याआधी तेवढे नाक बघून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव