पुटपुटणं ऐकणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवत नसेन. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरच्या तुमच्या त्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला आम्ही डॉक्टर, सिस्टर, मावशी मिळून जवळजवळ तीस जण होतो आणि मी त्यातली दुसऱ्या टेबलावरची, चष्मा सारखा वर सरकवणारी सिस्टर. लेबर रूमची. पत्र लिहायची सवय गेली, केसपेपर सोडून गेल्या वीस वर्षांत काही लिहिलेलं नाही. तरी लिहितेय, कारण मंगळवारच्या नाइटपासून डोक्यातून जात नाहीये.

मंगळवारी पहाटे तीनच्या सुमारास एका बाळंतिणीच्या अंगावरून खूप रक्त जाऊ लागलं. दुसरी खेप, नॉर्मल डिलिव्हरी, बाळ छान रडलेलं. गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन चालू होतं, पोट चोळत होतो, तरी पिशवी घट्ट होईना. रेसिडेंट डॉक्टर नवीन, या वर्षीचे. दोन रात्री झोप नसलेले. ते म्हणाले, ‘‘सिस्टर, मेथर्जिन भरा.’’ आणि मी म्हणाले, ‘‘बीपी एकशे छप्पन्न-शंभर आहे, मेथर्जिन नको.’’

मेथर्जिन पिशवी आवळतं, पण बीपीही वाढवतं. एवढंच. पण मॅडम, मी ते बाहेर स्टुलावर बसलेल्या नातेवाइकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. त्या पोराने अर्धा क्षण माझ्याकडे पाहिलं, ‘‘बरोबर, नको. ट्रॅनेक्सा एक ग्रॅम, सावकाश,’’ असं म्हणून रक्तस्राव थांबवायचं औषध सांगितलं, मी ‘‘ट्रॅनेक्सा एक ग्रॅम, दहा मिनिटांत’’ असं परत म्हणून दाखवलं आणि कामाला लागलो. पुढचं सगळं सांगत बसत नाही. पाच वाजता बाई बाळाला पाजत होती आणि चहा मागत होती.

ट्रॉली आवरताना माझे हात थरथरायला लागले. रक्त बघून नव्हे, ते रोजचं आहे. माझाच आवाज ऐकून.

तुम्हाला हे का सांगतेय ते कळायला थोडं मागे जावं लागेल. नोकरीला लागून मला चारेक वर्षं झाली होती, तेव्हा दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात होते. नाव लिहीत नाही, लिहून काय करायचं. सिझर होऊन वॉर्डात आलेली एक मुलगी, पहिलंच बाळंतपण. तासाभरात दोन पॅड चिंब, नाडी ११८. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना जाऊन म्हटलं, ‘‘सर, जरा जास्तच जातंय असं वाटतं.’’ ते म्हणाले, ‘‘सिस्टर, तुम्हाला सगळंच जास्त वाटतं.’’ अर्ध्या तासाने पुन्हा गेले. या वेळी आणखी हळू बोलले. शेवटी त्या मुलीची गर्भपिशवी काढावी लागली. ती वाचली. बाविशीची होती.

नंतर चौकशी झाली. डॉक्टरांची वरच्या मजल्यावर, आमची मेट्रनच्या खोलीत. दोन्ही खोल्यांमधली माणसं एकमेकांसमोर कधीच बसली नाहीत. मला मेमो मिळाला: ‘वेळेत कळविले नाही.’ कळवलं होतं हो. दोनदा कळवलं होतं. पण ‘वाटतं’ म्हणून कळवलं होतं, आकडा सांगून नाही. आणि ‘वाटतं’ला केसपेपरवर रकाना नसतो.

त्यानंतर ट्रेनिंगं काय कमी झाली? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर डॉक्टरांचं ट्रेनिंग सोमवारी, सभागृहात, एसीमध्ये. आमचं बुधवारी, नर्सिंग स्कूलच्या हॉलमध्ये, पंखा चालू असलेल्या बाजूला बसून. स्लाइड त्याच, फक्त औषधांच्या डोसच्या गाळलेल्या. उरलेल्या वेळात ‘हसतमुख सेवा’. एकदा एकत्र कार्यशाळा झाली, तर आम्हा सिस्टरांना नोंदणीच्या टेबलावर बसवलं आणि सफाईच्या मावशींना चहाकडे पाठवलं. फोटोत मात्र सगळे होतो.

माझ्या बीएस्सी नर्सिंगच्या मार्कशीटवर आणि आमच्या डॉक्टरांच्या एमबीबीएसच्या मार्कशीटवर नाव एकाच विद्यापीठाचं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. फिजिओथेरपीवाल्यांच्या, डेंटलवाल्यांच्या, आयुर्वेदवाल्यांच्याही. १९९८ पासून सगळ्यांना शिक्का एकच, पण शिकताना एका बाकावर कधी बसलो नाही. पहिली भेट थेट पेशंटच्या खाटेशी, तीही रात्री तीनला, तीही भांडणाच्या सुरात.

म्हणून तुमच्या ट्रेनिंगचा कागद आला तेव्हा मी इन्चार्ज सिस्टरांना म्हटलं होतं, ‘‘दुसऱ्या कुणाला पाठवा.’’ कुणी तयार नव्हतं म्हणून आले.

पहिल्याच सकाळी तुम्ही बसायच्या जागा मोडल्यात. एका टेबलावर एक रेसिडेंट, एक इंटर्न, एक सिस्टर, नर्सिंगची एक विद्यार्थिनी, ब्लड बँकेचे टेक्निशियन आणि आमच्या सफाईच्या मावशी. मावशी खुर्चीच्या कडेवर बसलेल्या, कधीही उठवतील अशा. मग तुम्ही बादलीत कुंकवाचं पाणी कालवून चादरीवर ओतलंत आणि विचारलंत, किती गेलं असेल? रेसिडेंट म्हणाले तीनशे मिली. मी चारशे म्हटलं. मावशींनी चादर कोपऱ्याने उचलली, हातावर तोलली आणि म्हणाल्या, ‘‘पाऊण लिटरच्या वर हाय. आमी पिळतो ना रोज.’’ तुम्ही मोजपात्र दाखवलंत. आठशे होतं. नुसत्या नजरेने सगळेच कमी अंदाज करतात, असं तुम्ही नंतर सांगितलंत, आणि डॉक्टरांना चादर वजन करायला शिकवायला मावशींनाच उभं केलंत.

ब्लड बँकेच्या दादांचं तर सांगूच नका. आमचे एक डॉक्टर म्हणाले, अर्जंट लिहिलं तरी रक्ताला तास लागतो. दादा शांतपणे म्हणाले, ‘‘रक्त जुळवून बघायला, पूर्ण क्रॉसमॅचला, पाऊण तास लागतोच साहेब, अर्जंट लिहिल्याने तो कमी होत नाही. पण वरची वीस मिनिटं जातात ती नमुन्याच्या बाटलीवर पेशंटचं नाव नसतं म्हणून.’’ अख्खा हॉल हसला, पण बाटलीवर नाव घालायचं काम कुणाचं यावर आम्ही डॉक्टर-सिस्टर आयुष्यभर भांडत आलोय आणि पलीकडच्या खिडकीतला माणूस काय बघतो हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारचं मॉक ड्रिल. खाटेवर नर्सिंगची विद्यार्थिनी पेशंट होऊन कण्हत होती, जरा जास्तच मनापासून. माझ्या हातात तुम्ही दिलेली चिठ्ठी: बीपी १६०/१०४. रेसिडेंट म्हणाले, मेथर्जिन. मी चिठ्ठीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुटपुटले. काय पुटपुटले ते शेजारच्या ब्रदरलासुद्धा ऐकू गेलं नाही. मी सिरिंज हातात घेतली.

तुम्ही भिंतीपाशी उभ्या होतात, हातात घड्याळ. ते थांबवलंत. सगळ्यांसमोर ‘‘सिस्टर, चुकलात’’ म्हणाला नाहीत. रेसिडेंटनाही काही बोलला नाहीत. माझ्याजवळ आलात, माझ्या हातातली सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवलीत आणि विचारलंत, ‘‘आत्ता काय म्हणालात? मला ऐकायचंय.’’

मी म्हटलं, काही नाही मॅडम.

तुम्ही गेला नाहीत. तिथेच उभ्या राहिलात. मला वाटतं दहा सेकंद असतील. मला तासभर वाटलं. मग मी म्हटलं, ‘‘बीपी जास्त आहे. यात मेथर्जिन देत नाहीत.’’ तुम्ही मान हलवलीत, फळ्यावर खडूने माझं वाक्य लिहिलंत, जसंच्या तसं, मराठीत. आणि घड्याळ पुन्हा चालू केलंत. ‘‘पहिल्यापासून. आता हे वाक्य सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे.’’

ते दहा सेकंद, मॅडम. बाकी सगळं पुस्तकात मिळतं. मला माहीत असलेली गोष्ट मी गिळतेय हे वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असेल तर कुणी थांबलं नव्हतं. त्या जुन्या सरांनी दहा सेकंद थांबून ‘‘किती जास्त? पॅड किती भिजले?’’ एवढं विचारलं असतं तर... जाऊ दे. रागही आता जुना झालाय. पण त्या मुलीचा चेहरा जुना होत नाही.

चहाच्या वेळी तुम्ही सांगितलंत की स्वीडनमध्ये लिंकोपिंगच्या विद्यापीठात १९८६ पासून डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होणारी मुलं सुरुवातीचे काही आठवडे एकत्रच शिकतात, आणि १९९६ मध्ये तर त्यांनी या मुलांनी मिळून पेशंट सांभाळायचा वॉर्डच काढला. जागतिक आरोग्य संघटनेचा एकत्र शिकण्यावरचा अहवाल १९८८ चा. तेव्हा मी पहिलीत होते. म्हणजे मी पाटीवर गमभन गिरवत होते तेव्हा हे शहाण्या माणसांना कळलेलं होतं, आणि आमच्या हॉलपर्यंत यायला मला चाळिशी उलटावी लागली. आमच्यात म्हणतात तसं, वरातीमागून घोडं. तरी आलं एकदाचं.

आमच्याकडे थोडं बदललंय, थोडं नाही. ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवतो, त्या ओव्हरला आता रेसिडेंटही उभे राहतात, निदान दोघे तरी. लेबर रूममध्ये काटा आला, चादरी वजन करतो. एक जुने डॉक्टर अजून ‘‘ऑर्डर रिपीट करायला मी बहिरा आहे का?’’ म्हणतात. म्हणोत. मी रिपीट करते. मावशी मात्र आता खुर्चीच्या कडेवर बसत नाहीत, मागे टेकून बसतात, आणि इंटर्नना चादरीचा अंदाज विचारून नापासही करतात.

तुम्ही चांगल्या डॉक्टर आहात हे सगळे सांगतात. मला तुमची डॉक्टरकी पाहायचा योग आला नाही. मी पाहिलं ते एवढंच, की दुसऱ्याच्या तोंडातल्या तोंडात विरलेल्या शब्दासाठी तुम्ही घड्याळ थांबवता. अशी माणसं शिकवायला मिळाली असती तर माझी निम्मी नोकरी सुखाची गेली असती.

जूनमध्ये नवी बॅच येतेय. वरिष्ठांना आम्ही सगळ्यांच्या सह्यांचं पत्र दिलंय की तुम्हालाच बोलवा. सह्यांमध्ये ब्लड बँकेचे दादा आहेत, मावशींचा अंगठा आहे आणि मंगळवारच्या त्या रेसिडेंटची सही सगळ्यात वर आहे. तारीख कळवा. कुंकू आम्ही आणून ठेवतो. चहाची व्यवस्था यंदा डॉक्टरांकडे दिली आहे, साखर जास्त पडली तर सांभाळून घ्या.

आपली,
लेबर रूमची सिस्टर (दुसरं टेबल)