गजूस पत्र : जुन्या गाडीला मशीन लावण्याआधी

आर्वी, जि. वर्धा
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

पॉलिशर, म्हणजे रंग घासून चमकवायचं मशीन, घरी आलं आणि काकांची निळी गाडी गोठ्याजवळच्या कडुनिंबाखालून अंगणात काढली, हे तुझ्या पत्रातून कळलं. फार बरं वाटलं. पण गड्या, मशीनचा प्लग आजच लावू नको. आधी हे पत्र पुरतं वाच. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं वाऱ्यावर गेलं असतं, म्हणून लिहूनच पाठवतो.

आधी कशाला हात लावतो आहेस ते समजून घे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी थर, क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट असतो ३५ ते ५०. डोक्याचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक साधारण अर्ध्या केसाएवढ्या थरावर उभी आहे. पॉलिशने वरून काही चढत नाही. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर कोट झिजवून आपण त्याच्या तळापर्यंत आणतो, मग कड राहत नाही आणि उजेड सरळ परततो. कंपाउंड म्हणजे रंग झिजवणारी कणदार पेस्ट; जोरदार कंपाउंडने एक जागा एकदा पूर्ण घासली की दोन-चार मायक्रॉन जाऊ शकतात, आणि ते परत येत नाहीत. म्हणून गाडी नव्यासारखी करायच्या मागे लागू नको. दहातले सात-आठ ओरखडे गेले की थांबायचं.

घासण्याआधी उन्हात गाडीभोवती एक फेरी मार. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. त्या धूळ बसलेल्या गाडीवर रोज कोरडा फडका मारल्यामुळे पडतात. त्या जातील. धुरकटपणा आणि पाण्याचे वरवरचे डागही जातील. ओरखड्यावरून नख आडवं फिरव. नख अडकलं तर तो निघणार नाही, फार तर कडा बोथट होऊन कमी दिसेल. टप आणि बोनेट नीट पाहा, कारण ऊन तिथेच सगळ्यात जास्त बसतं. तिथे पांढुरके चट्टे असतील आणि त्यांच्या कडेला सालपट सुटल्यासारखं दिसत असेल, तर क्लिअर कोट संपला आहे. त्यावर मशीन मारलंस तर चट्टा वाढेल. त्याला पेंटरच लागतो. रंगाखाली गंजाचे फोड आले असतील तिथेही तेच.

तुझी गाडी मेटॅलिक निळी आहे, त्यामुळे क्लिअर कोट असणारच. पण गावात कोणी साध्या रंगाची जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी घेऊन आला, तर आधी कोपऱ्यात हाताने थोडं कंपाउंड घासून पाहा. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर वर क्लिअर कोट नाही. गाडी पांढरी असेल तर काळा फडका घे, नाहीतर काही कळणार नाही. अशा गाडीचा रंग पॅडवर येणारच, त्याला घाबरायचं नाही. मात्र पॅड लवकर भरतं.

आता धुण्याचं. तुझं दर्यापूर खारपाणपट्ट्यात आहे, तेव्हा बोअरचं पाणी हाच तुझा मोठा शत्रू. ते पत्र्यावर वाळलं की क्षार मागे राहतात, आणि ऊन लागलं की ते क्लिअर कोटला धरून बसतात. बोअरने धुवायला हरकत नाही, पण वाळू द्यायचं नाही. शेवटचं पाणी आरओच्या २० लिटरच्या कॅनचं घे. मगाने वरून सावकाश ओतलंस तर एक कॅन पुरते. फवारणीचा पंप वापरायचा मोह होईल. जुना पंप कितीही धुतला तरी औषध राहतं, त्याला हात लावू नको. नवा, कधीच न भरलेला असेल तर चालेल.

आधी नुसत्या पाण्याने काळी माती भिजवून खाली सोड. मग दोन बादल्या घे, एकीत कार शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी. कापड दर वेळी साध्या पाण्यात पिळूनच शॅम्पूत बुडवायचं. कपड्याची पावडर नको, तिचे न विरघळलेले कण रेघा पाडतात. खालच्या भागावरचं डांबर रॉकेल लावलेल्या फडक्याने काढ आणि ती जागा लगेच शॅम्पूने धुऊन टाक. पाण्याचे जुने पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, सावलीत, थंड पत्र्यावर एक-दोन मिनिटं ओला फडका ठेव आणि भरपूर पाण्याने धू. क्षार विरघळतील. तरी गोल खूण राहिली तर ती क्लिअर कोटमध्ये उतरलेली आहे, ती मशीनचं काम.

धुतलेल्या पत्र्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरव. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागतो. तो रवाळपणा क्ले बारने, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ वडीने, काढायचा. शॅम्पूचं पाणी भरपूर मारून क्ले हलकेच सरकवायची, दाबायची नाही, मळली की घडी घालून नवी बाजू काढायची. जमिनीवर पडली तर ती फेकून दे, धुऊन वापरू नको. ही पायरी टाळलीस तर पॅड त्या कणांना धरून सगळ्या गाडीभर फिरवेल.

मग मास्किंग टेप. दरवाजाच्या कडा, बोनेटची कड, पत्र्याच्या उठलेल्या रेघा, काळं प्लास्टिक, रबराची बिडिंग, नावाची अक्षरं, सगळं झाक. कडेवर रंग मुळात पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे एका रेघेवर येतो. नवख्याचा रंग फाटतो तो जवळजवळ नेहमी कडेलाच. टेप रात्रभर ठेवू नको, उन्हात तिचा गोंद रंगावर राहतो.

मशीनबद्दल. तुझं ड्युअल अ‍ॅक्शन आहे हे चांगलं झालं. त्याचं पॅड फिरतंही आणि डुलतंही, म्हणून एका जागी उष्णता साठत नाही. गॅरेजमधलं रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, हातात दिलं तरी घेऊ नको. त्याने गडद रंगावर उन्हात दिसणारे पट्टे पडतात. वेल्डरचा ग्राइंडर तर दूरच ठेव, तो मिनिटाला दहा हजारांच्या पुढे फिरतो. तुझ्या मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड चिकटवायच्या चकतीच्या, कडेवर काळ्या मार्करने एक रेघ मार. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली म्हणजे तू जास्त दाबतो आहेस किंवा पॅड तिरकं धरलं आहेस, आणि त्या वेळी काही कापलं जात नाही. संध्याकाळी गावातला व्होल्टेज उतरला की पॅड असंच अडखळतं, तेव्हा सकाळचंच काम धर. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवू नको.

दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगून कळत नाही, म्हणून घरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा काढ. मशीन बंद ठेवून पॅड काट्यावर टेकव आणि पाच किलो दिसेपर्यंत दाब. मशीनच्या वजनासकट पाच. पाच-सहा वेळा केलंस की हाताला सवय होईल. कंपाउंडला पाच ते सहा किलो, शेवटच्या बारीक पॉलिशला फक्त मशीनचं वजन आणि वर हाताचा आधार.

आता खरं काम, टेस्ट स्पॉट. या पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नको. बोनेटवर मधोमध दीड फूट बाय दीड फूट जागा टेपने आख. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरू कर, म्हणजे मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. समाधान झालं नाही तर तेच पॉलिश मध्यम पॅडवर, तरीही नाही तर मध्यम पॅडवर कंपाउंड, आणि शेवटी कडक पॅडवर कंपाउंड. जिथे काम झालं तिथे थांब आणि तीच जोडी सगळ्या गाडीला वापर. कंपनीगणिक आणि गाडीगणिक क्लिअर कोट कडक-मऊ असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी तुझ्या गाडीवर चालेलच असं नाही. पॅडच्या रंगावर भरवसा ठेवू नको, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग काय लिहिलं आहे ते वाच.

एका जागेची रीत अशी. नव्या पॅडवर पहिल्यांदा कंपाउंडचा पातळ हात सगळीकडे चोळून घे. नंतर दर जागेला हरभऱ्याच्या दाण्याएवढे चार ठिपके. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकव, नाहीतर सगळं अंगावर आणि भिंतीवर उडेल. वेग १ वर ठेवून कंपाउंड पसर, मग वेग ४ किंवा ५. मशीन सेकंदाला इंचभर सरकेल इतकं हळू, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. एकदा आडवं, एकदा उभं, अशा चार ते सहा फेऱ्या. घाई झाली की हात आपोआप वेगात जातो आणि कंपाउंड नुसतं पसरतं. फेऱ्या झाल्यावर वर पातळ तेलकट पापुद्रा राहायला हवा. कोरडी पांढरी भुकटी उडत असेल तर कंपाउंड कमी झालं, पत्रा तापला किंवा पॅड भरलं. पॅड फारच ओलं होऊन चटचट उड्या मारत असेल तर कंपाउंड जास्त झालं.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नको. पॉलिशमधली तेलं रेघा झाकून टाकतात. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि आरओचं पाणी चार भाग, असं मारून मायक्रोफायबरने पुस, मगच टॉर्चच्या उजेडात पाहा. गडद निळ्यावर कंपाउंडनंतर पुसट धुकं राहिलं तर ते कडक पॅडचंच काम आहे. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशची एक फेरी ते काढते.

उष्णतेवर जरा थांबतो, कारण आपल्याकडे निम्म्या चुका तिथेच होतात. उघड्या अंगणात, टिनाच्या शेडमध्ये दुपारी, हे काम होत नाही. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंडचं पाणी उडून जातं, कण कोरडे फिरतात आणि नव्या रेघा पाडतात. पत्र्यावर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे. आताचे दिवस त्यासाठी उत्तम आहेत. सकाळी दव वाळल्यावर सुरू कर आणि अकराला थांब. फक्त शेजारी सोयाबीनची मळणी चालू असेल त्या दिवशी मशीन काढू नको. बंपरवर जास्त सांभाळ. प्लास्टिक उष्णता पुढे नेत नाही, ती रंगातच साठते, म्हणून वेग ३ आणि तीनच फेऱ्या, मग हात लावून पाहा.

दर जागेनंतर पॅड ब्रशने साफ कर. निघालेला क्लिअर कोट पॅडमध्येच बसतो आणि पुढच्या जागी काप कमी होतो, मग आपण उगाच दाब वाढवतो. दोन भाग झाले की पॅड बदल. लहान गाडीला पाच-सहा पॅड हाताशी हवेत. एकाच पॅडवर अख्खी गाडी काढलीस तर मध्यभाग तापून वेल्क्रोचा गोंद सुटेल. कंपाउंडची २५० मिलीची बाटली पुरून उरेल. अशा गाडीवर दीड फुटाच्या पन्नासेक जागा होतात, आणि रोज अकरालाच थांबायचं, तेव्हा चार-पाच सकाळी धर. मास्क लाव. पट्ट्याचं बक्कल आणि घड्याळ काढून ठेव, वायर खांद्यावरून पाठीमागे सोड.

शेवटी सिलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप, अगदी पातळ. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच. बाटलीवर लिहिलेल्या वेळेने पुसायचा आणि पुढचे काही तास गाडीला पाणी लागू द्यायचं नाही. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं औषध टाकू नको. आणि ती मोराच्या पिसांसारखी झटकणी काकांच्या हातून काढून घे, नाहीतर महिनाभरात जाळी परत दिसेल. तसंच गाडी कडुनिंबाखाली परत नको. पक्ष्यांची विष्ठा पडलीच तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून उचल, घासू नको.

माझं रंगाची जाडी मोजायचं गेज मंगळवारच्या एसटीने पार्सल करतो. आधी सोबतच्या लोखंडी तुकड्यावर शून्य करून घे. प्रत्येक भागावर पाच ठिकाणी मोज आणि वहीत लिहून ठेव. १०० ते १५० आलं तर ठीक. ९० च्या खाली आलं तिथे कंपाउंड लावू नको, फक्त बारीक पॉलिश. २०० च्या वर म्हणजे तो भाग पुन्हा रंगवलेला, आणि त्याहून खूप वर गेलं तर खाली लांबी (पोचा भरायची पुट्टी) भरलेली आहे. प्लास्टिकच्या बंपरवर ते आकडा दाखवणार नाही, बिघडलं समजू नको. आकडे आणि टेस्ट स्पॉटचा उन्हातला फोटो मला पाठव, मग टपाला हात लाव.

काकांना आणि वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या