परसातल्या फरसबंदीला काठ हवाच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत कोकणातल्या घरांच्या मागीलदारी सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. दर वर्षी जमीन चोपून सारवायला आता घरात तेवढी माणसे राहिलेली नाहीत, त्यामुळे हा बदल मला मुळीच वावगा वाटत नाही. पावसाळ्यात चिखल तुडवावा लागत नाही, भांडी घासायला आणि वाळवण घालायला स्वच्छ जागा मिळते, वयस्कर माणसांना संध्याकाळी खुर्ची टाकून बसता येते. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एवढा खर्च करून फरसबंदी घालणारी बहुतेक कुटुंबे तिच्या कडेला भक्कम काठ घालत नाहीत, आणि ज्या कामाने वीस-पंचवीस वर्षे टिकायला हवे ते दोन-तीन पावसाळ्यांत उखडू लागते. यात नुकसान सामान्य माणसाचेच होते, आणि ते टाळण्याचा उपाय स्वस्त आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पेव्हर ब्लॉक एकमेकांना सिमेंटने जोडलेले नसतात. खाली मुरूम किंवा खडीचा धुम्मस केलेला (ठोकून घट्ट केलेला) थर, त्यावर इंच-दीड इंच वाळू किंवा कच (दगडाचा बारीक चुरा), त्यावर ठोकळे आणि ठोकळ्यांच्या दरजांमध्ये बारीक वाळू, अशी ही रचना असते. दरजांतली वाळू घट्ट बसली की एका ठोकळ्यावरचा भार शेजारच्या ठोकळ्यांवर वाटला जातो. पण हे सगळे ठोकळे चारही बाजूंनी आवळून धरलेले असतील तरच. टोपलीचा काठ नीट वळला नाही की वीण कडेपासून सुटत जाते, तसेच इथे होते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी दरजांतून खाली उतरते आणि उघड्या कडेने बाहेर पडताना खालची वाळू थोडी थोडी सोबत नेते. आधी शेवटची ओळ बाहेरच्या बाजूला सरकते, मग तिच्या आतल्या ओळीच्या दरजा फाकतात, त्यांत गवत उगवते. श्रावणापर्यंत अशी स्थिती येते की कडेच्या ठोकळ्यावर पाय ठेवला की तो एका अंगाला कलतो आणि खालचे गढूळ पाणी दरजेतून पायावर उडते. म्हाताऱ्या माणसाचा तोल जायला एवढे पुरेसे आहे.

अनेक ठिकाणी काठाऐवजी शेवटच्या ओळीला लागून सिमेंटचा एक तिरका पट्टा मारून दिला जातो. नवे काम असताना तो नीटस दिसतो. परंतु त्याच्याखाली भुसभुशीत माती असते, पट्टा जेमतेम दोन बोटे जाड असतो आणि पहिल्याच पावसात त्याला तडे जाऊन त्याची खपली निघू लागते. घरमालकाला वाटते की ब्लॉकच हलक्या प्रतीचे निघाले. ब्लॉक बहुधा ठीक असतात. माणसांच्या वावरापुरते ६० मिलिमीटर जाडीचे ठोकळे मागीलदाराला पुरतात. दोष कडेचा असतो.

आता खर्चाविषयी. समजा, मागच्या दाराशी १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी फरसबंदी करायची आहे. एक लांब बाजू घराच्या जोत्याला टेकलेली असते, म्हणजे काठ लागतो तो उरलेल्या तीन बाजूंना, एकूण ३९ फूट. आपल्याकडचा जांभ्याचा चिरा साधारण १४ इंच लांब धरला तर या कामाला ३४ चिरे पुरतात. नव्या विटा घ्यायच्या तर नऊ इंची वीट लांबीने लावल्यास ५२, आणि उभी पुरून तिची चार इंची बाजू कडेला धरल्यास सुमारे ११७ विटा लागतात. विटा उभ्या पुरणे अधिक चांगले, कारण त्या सहा इंच जमिनीत जातात आणि सहजासहजी ढळत नाहीत. मात्र वीट पक्की भाजलेली हवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाजाची वीट ओल धरते आणि काही वर्षांत तिचा भुगा होतो.

माझा स्वतःचा कल जांभ्याकडे आहे, आणि त्यातही जुन्या चिऱ्याकडे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो. दक्षिण भारताची पाहणी करणारे स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाचा हाच गुण नोंदवला आहे. पन्नास-साठ वर्षे भिंतीत राहिलेला चिरा म्हणजे पारखून झालेला दगड. गावोगाव जुनी घरे उतरवून नवी बांधली जात आहेत आणि त्यांचे चिरे व कौले वहाळाच्या कडेला किंवा रस्त्याच्या वळणावर टाकून दिलेली दिसतात. ते पाहून मला खरोखर वाईट वाटते. ज्या घरात असे चिरे आहेत तिथे काठाचा खर्च जवळजवळ केवळ मजुरीचा उरतो. कौलांचा काठही सुंदर दिसतो, पण पातळ कौल ठोकळ्यांचा रेटा सोसू शकत नाही. फुलझाडांच्या वाफ्याला ते जरूर लावावे, फरसबंदीला नको. लाकडी फळ्यांचा विचार आपल्या हवेत आणि वाळवीच्या मुलखात करूच नये. घाटमाथ्यावर जांभा सहज मिळत नसेल तर शहाबादी किंवा कडप्पा फरशीच्या वखारीत कापून उरलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळू शकतात. त्या उभ्या गाडून बाहेरून काँक्रीटचा आधार दिला तर तोही चांगला काठ होतो.

काम कसे करावे हेही सांगितले पाहिजे, कारण चांगला दगड आणून तो नुसता मातीवर मांडून ठेवला तर सगळे व्यर्थ जाते. काठ आधी आणि ठोकळे नंतर, हा क्रम पाळावा. दोरी ताणून आठ-दहा इंच खोल चर काढावा, तळाशी मुरूम घालून पाणी मारून चोपावा, चिरा त्यावर काटकोनात उभा बसवावा आणि पाणसळ लावून माथा ठरवावा. चिऱ्याच्या बाहेरच्या अंगाला त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत काँक्रीट भरून वर माती ओढावी. मग ते दिसतही नाही आणि दगड ढकलूही देत नाही. त्या मातीत गवती चहाची किंवा वाळ्याची ठोंबे लावली तर मुळे माती धरून ठेवतात. काळ्या मातीच्या प्रदेशात, म्हणजे सोलापूर-लातूरकडे, एक गोष्ट निराळी आहे. ती जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिथे मुरुमाचा थर अधिक जाड घ्यावा आणि चिऱ्या-चिऱ्यांमधल्या दरजा सिमेंटने भरून एकसंध न करता मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे जमीन हलली तरी काठाला तडा जात नाही.

काठ घातल्यावर पाणी अडेल, ही शंका रास्त आहे. फरसबंदीला घरापासून बाहेर दर चार फुटांना एक इंच ढाळ द्यावा, काठाचा माथा ठोकळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवावा आणि सखल बाजूला, जिथे पाणी स्वाभाविकपणे जाते, तिथे बोटभर फटी सोडून त्यांच्यामागे खडी भरावी. पाणी निघून जाते, वाळू मागे राहते. हे पाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात वळवणे कोणालाही जमेल.

मागीलदारी आंबा, फणस किंवा शेवगा असेल तर त्याच्या बुंध्याभोवतीही असाच काठ गोलाकार घालून आतली माती उघडी ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बुंध्याला चिकटून ठोकळे बसवलेली झाडे मी अनेक परसांत पाहतो. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि मुळे वाढली की ठोकळेही उचलले जातात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. आपल्या परसातल्या झाडाला तेवढी जागा देण्यासाठी कोणाच्या आदेशाची गरज पडू नये.

या कामात असलेल्या ठेकेदारांना माझे सांगणे आहे की अंदाजपत्रकात काठ ही बाब स्वतंत्र लिहावी आणि तिचा दर ग्राहकाला समजावून सांगावा. आज चौरस फुटाचा एकच दर सांगितला जातो, त्यात काठ धरला आहे की नाही हे विचारायचे ग्राहकाला सुचत नाही, आणि दर कमी दाखवण्याच्या स्पर्धेत पहिली काट त्यावरच बसते. ग्रामपंचायतींनी समाजमंदिरांच्या आणि अंगणवाड्यांच्या आवारातली अशी कामे स्वीकारताना कडेची ओळ पायाने दाबून पाहावी. तसेच पाडलेल्या घरांचे चिरे आणि कौले गावातच एखाद्या जागी रचून ठेवण्याची सोय करावी, म्हणजे ज्याला दहा-वीस चिरे हवे आहेत त्याला नव्या खाणीचा दगड ट्रकभर मागवावा लागणार नाही. पावसाळा संपून कामांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या वृत्तपत्राने हा विषय वाचकांपुढे आणावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी