तिकिटावर सीट नंबर नाही म्हणून

बाल्टिमोर, ६ ऑक्टोबर २०२४

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन कट झाला आणि ह्यूस्टनच्या तिकिटाचं बोलणं अर्धवट राहिलं. "नंबर नाही म्हणजे उभ्याने न्यायचे की काय?" हे आई हसत म्हणाली खरी, पण हसण्यामागची काळजी मला कळली. म्हणून लिहायलाच बसले. बाबा, याची प्रिंट काढून पासपोर्टच्या पिशवीत ठेवा. मुंबईहून इथपर्यंतचं सगळं तुम्ही गेल्या खेपेला केलंय, ते परत लिहीत नाही.

आधी हे ऐका. तिकीट पक्कं आहे, वेटिंगवरचं नाही, आणि मी स्वस्तातलं बघूनही काढलेलं नाही. साउथवेस्टचं विमान थेट जातं आणि दादाच्या घराजवळच्या हॉबी विमानतळावर उतरतं, एवढंच पाहिलं. ही कंपनी कुणालाच सीट नंबर देत नाही. १८ जून १९७१ ला त्यांची विमानं डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांत सुरू झाली, तेव्हापासून आत जाऊन मिळेल ती जागा घ्यायची, हीच रीत. त्या वर्षाअखेर त्यांच्याकडे चारच विमानं होती. पुढच्याच वर्षी पैशांच्या अडचणीत एक विकावं लागलं, तरी वेळापत्रक तेच ठेवलं. मग तीन विमानांत तेवढ्या फेऱ्या बसवायच्या तर जमिनीवरचा वेळ कमी करायला हवा, म्हणून दहा मिनिटांत विमान रिकामं करून पुन्हा भरायला लागले. ज्याला ठरावीक रांग गाठायची नसते तो दिसली जागा की बसतो, वाट अडत नाही. गोंधळ वाटतो, पण त्यामागे हिशोब आहे.

तिकिटावर जागा नसली तरी रांगेतला नंबर असतो. ए, बी आणि सी असे तीन गट, प्रत्येकात १ ते ६०. म्हणजे बोर्डिंग पासवर "बी १७" असं काहीतरी येईल. तो फक्त आत शिरण्याचा क्रम आहे, सतराव्या रांगेशी त्याचा काही संबंध नाही. (बाबा, आत जाऊन सतरावी रांग शोधत बसू नका.) विमान १७५ सीटांचं असेल तर सीचे आकडे ५५ पर्यंत जातात, १४३ चं असेल तर २३ पर्यंत. सीवाल्यांना बहुतेक मधल्या सीटाच उरतात, त्याही लांब लांब.

हे नंबर चेक-इन करण्याच्या क्रमाने लागतात. साधं चेक-इन विमान सुटण्याच्या बरोबर २४ तास आधी उघडतं आणि लोक घड्याळाकडे डोळे लावून बसतात, कारण पाच-दहा मिनिटांच्या उशिराने माणूस बरीच घरं मागे जातो. जास्तीचे पैसे भरले तर कंपनी ३६ तास आधी आपणहून नंबर लावून टाकते, त्याला अर्लीबर्ड म्हणतात. ते मी तुमच्या दोघांसाठी घेतलंय. किती पडले ते विचारू नका. त्याने एचा नंबर मिळेलच असं नाही, कारण पहिले पंधरा महागड्या तिकिटांसाठी असतात आणि त्यामागे नेहमी प्रवास करणाऱ्या सदस्यांचा मान. पण बीच्या सुरुवातीपर्यंत तरी याल. शिवाय तुमचं बुकिंग एकत्र आहे, त्यामुळे नंबर सहसा लागोपाठचे येतात.

आता या लोकांची एक गंमत, जी पाहिल्याशिवाय पटत नाही. गेटपाशी दोन बाजूंनी खांब उभे केलेले असतात, त्यांवर आकडे: १ ते ५, ६ ते १०, असे पाच-पाचांचे. एका बाजूला १ ते ३०, दुसऱ्या बाजूला ३१ ते ६०. "ए" पुकारला की ए गटाची माणसं दोन्ही बाजूंनी आपापल्या खांबाशी जाऊन उभी राहतात. आधी पहिले तीस आत जातात, मग समोरचे तीस, आणि तोवर रिकाम्या झालेल्या बाजूला बीचे पहिले तीस येऊन ठाकतात. रांग लावायला कुणी नसतं. माणसं आपणहून एकमेकांना विचारतात, "तुमचा कितवा?" दुसरा मोबाइल पुढे करून आकडा दाखवतो, मग पहिला एक पाऊल मागे सरकतो किंवा पुढे येतो. सुटाबुटातला मोठा माणूससुद्धा बी ३४ आहे म्हणून बी ३३ वाल्या कॉलेजच्या पोराला निमूट वाट देतो. आई, तुला कुणी नंबर विचारला तर तो भांडायला आलेला नाही. पास दाखव आणि हस. खांबावरच्या पाचांत एक-दोन इकडेतिकडे झाले तर कुणी मनावर घेत नाही. दोन माणसांत हातभर अंतर ठेवतात, तेवढं मात्र सांभाळ, खेटून उभं राहिलेलं चालत नाही.

हे आकडे नव्हते तेव्हा हे लोकही आपल्यासारखेच होते. फार पूर्वी प्लास्टिकचे नंबरवाले बिल्ले देत आणि दारात परत घेऊन पुन्हा वापरत. नंतर नुसते ए, बी, सी गट आले. मग प्रत्येक गटाच्या रांगेत लोक आधीपासून जमिनीवर बसकण मारायचे आणि बॅगा ठेवून नंबर धरायचे. नोव्हेंबर २००७ मध्ये प्रत्येकाला आकडा मिळाला आणि ते बसणं संपलं.

रांगेचा नियम एकच लक्षात ठेवा. आपल्या नंबरनंतर कधीही आत जाता येतं, आधी नाही. चुकून तुमचे नंबर वेगळे आले, आईचा बी १२ आणि बाबांचा बी ४०, तर आईने मागे येऊन बाबांजवळ उभं राहायचं. बाबांनी पुढे आईजवळ गेलेलं चालणार नाही, दारातली बाई पास बघून बाजूला थांबवेल. बाबा बाथरूमला गेले आणि बी गट सुरू झाला तरी धावपळ नको. ते आल्यावर चालू असलेल्या रांगेत "आमचा नंबर होऊन गेला" एवढं सांगितलं की सोडतात.

रुमाल टाकायचा का, हा आईचा प्रश्न. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, ते इथे चालत नाही. पण जागा धरणं बंद आहे असंही नाही. कंपनीचा याबद्दल ना होकाराचा नियम, ना नकाराचा, आणि सगळी भांडणं तिथेच होतात. कित्येक जोडपी अर्लीबर्डचे पैसे एकाचेच भरतात. तो आधी शिरतो आणि शेजारच्या सीटवर जॅकेट टाकून बी ५० वाल्या बायकोची वाट बघत बसतो. दोघांचे पैसे भरून बी ५ ला आलेल्या माणसाला ते जॅकेट दिसलं की त्याचं डोकं फिरणारच, आणि मला विचाराल तर त्याचं बरोबर आहे. हवाई सुंदरी सहसा मध्ये पडत नाही. विमानाला उशीर व्हायला लागला तरच बोलते, आणि तेव्हा उभ्या माणसाला आधी बसवते.

म्हणून मी दोघांचे भरले. तुम्ही एकत्र आत जाणार, तेव्हा धरायची वेळच येऊ नये. तरीही पुढे-मागे झालात तर एकच सीट धरायची, तीही पंखाच्या मागच्या भागात आणि मधली. पुढच्या चार-पाच रांगांत मुळीच नको, तिथे सगळ्यांचा डोळा असतो. कुणी "इथे कोणी आहे?" विचारलं तर "माझा नवरा मागून येतोय" एवढं इंग्रजीत सांग, दहातले नऊ पुढे जातात. दहावा बसलाच तर बसू दे. बाबांना दोन रांगा मागे जागा मिळेल. साडेतीन तासांचा प्रवास आहे, आई, तेवढा वेळ निघतो.

इमर्जन्सी दाराच्या रांगेत पाय पसरायला जागा दिसेल, मोह टाळा. तिथे बसणाऱ्याला गरज पडली तर दार उघडायला मदत कराल का असं विचारतात आणि तोंडी "येस" म्हणावं लागतं. अगदी पहिल्या रांगेत समोर सीट नसल्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, म्हणजे बाबांची औषधं वर जाणार. तीही नको. खिडकी आणि मधली अशा दोन सीटा घ्या, कडेची कुणीतरी घेईल. खिडकी आणि कडेची घेऊन मधली रिकामी राहील अशी आशा धरणारे बरेच असतात. डिसेंबरात ती राहत नाही. वरच्या कप्प्यात जागा दिसली की तिथेच बॅग ठेवा आणि त्याच रांगेच्या आसपास बसा. बॅग मागे राहिली तर उतरताना सगळं विमान रिकामं होईपर्यंत थांबावं लागतं.

बाबा, आता व्हीलचेअर. तुम्ही नको म्हणणार हे माहीत आहे. पण गेटवर पंचवीस-तीस मिनिटं उभं राहणं तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही. ती फुकट असते, डॉक्टरांचं पत्र मागत नाहीत. काउंटरवर सांगितलं की सगळ्या गटांच्या आधी आत सोडतात आणि सोबत एका माणसाला नेता येतं. म्हणजे आई तुमच्याबरोबरच येईल, रांग नको की खांब नको. जाताना व्हीलचेअरवर आणि उतरताना टणाटण चालत जाणारे काहीजण असतात, त्यांच्यावरून लोक कुजबुजतात. तुम्ही त्यांतले नाही. गुडघ्याचा एक्स-रे मी पाहिलाय.

लहान मुलं घेऊन आलेल्यांना बघून आईला वाटेल हे पुढे कसे घुसले. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आईबापांना ए गटानंतर आणि बीच्या आधी सोडतात, नियमच आहे.

सामानाचं थोडक्यात. प्रत्येकी दोन बॅगा फुकट, पण मर्यादा ५० पौंडांची. म्हणजे मुंबईहून भरताना पूर्ण २३ किलो करू नका, साडेबावीसवर थांबा. वहिनीचे डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत, हातातल्या नको.

आणि हे सगळं फार दिवस राहणारही नाही. जुलैमध्ये कंपनीने जाहीर केलंय की यापुढे सीट नंबर देणार. तुमच्या १० डिसेंबरच्या प्रवासाला मात्र जुनीच पद्धत असेल.

मी बरोबर का येत नाही, हे दादानेही विचारलं आणि परवा मावशीनेही. रजा उरलेली नाही, हे खरंच कारण आहे. तुम्ही आल्यावर पहिले आठ दिवस घरी राहता यावं म्हणून उरलेली तिकडे लावली. विमानतळावर मी सोडायला येणार आहे. ज्यांना मदत लागते त्यांच्याबरोबर गेटपर्यंत जायचा पास घरच्या माणसाला मिळू शकतो, तो मागणार आहे. मिळाला तर वर लिहिलेल्यातलं निम्मं मीच करून देईन. बारशाचे फोटो त्याच रात्री पाठवा.

बाबा, एफडी मोडायची नाही. ऑपरेशन माझ्याकडे येण्यासाठी पुढे ढकललंत हे मला आईकडून कळलं, तुम्ही सांगितलं नाहीत. सव्वा लाख या महिन्यात पाठवते, उरलेले फेब्रुवारीत. मला कमी पडत नाही. गाडीचा हप्ता संपला आहे आणि घरभाडं यंदा वाढलेलं नाही. डॉक्टरांकडून मार्चची तारीख घेऊनच निघा.

राहिला वहिनीच्या ओळखीचा ह्यूस्टनचा मुलगा. तुम्ही त्याच्या घरी जायला माझी हरकत नाही, चहा प्या, पण माझ्या वतीने काही कबूल करू नका. फोटो पाहिला, वाईट काहीच नाही. एकदा त्याच्याशी फोनवर बोलेन, हे वहिनीला सांगितलंय. पत्रिका मात्र आईने पर्समध्ये घालून आणू नये. आणलीसच तर निदान मला सांगू नकोस.

व्हिसाच्या कागदांची एक जादा झेरॉक्स करा. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
सोनू