कपाटांची मोजदाद होते, वाचकांचीही व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च संपला की सार्वजनिक ग्रंथालयांत वार्षिक अहवालाची धांदल सुरू होते. एकूण ग्रंथ किती, नवे किती घेतले, सभासद किती, वर्गणी किती जमली, नियतकालिके किती येतात, खर्च किती झाला. लेखापरीक्षण जोडून हे कागद जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जातात. अ, ब, क, ड यांपैकी मिळालेला वर्ग टिकवणे आणि अनुदान पदरात पाडून घेणे यातच चालकांचा जीव अडकलेला असतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण वर्षभरात या ग्रंथालयाचा कुणाला काय उपयोग झाला, हे त्या कागदांवरून कळत नाही. वाचकसंख्येचा रकाना असला तरी तो बहुतेक वेळा अंदाजानेच भरला जातो. ग्रंथपाल म्हणून नोकरी केल्यामुळे हे मी जवळून पाहिले आहे.

पेठेतल्या एखाद्या जुन्या वाचनालयात संध्याकाळी जाऊन बघा. मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्राची पाने वाटून घेतलेली असतात, एकाच्या हातात अग्रलेख तर दुसऱ्याच्या हातात कुस्ती मैदानाची बातमी. आतल्या खोलीत पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा भागातून शहरात येऊन राहिलेली मुले-मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतात. पुस्तके त्यांची स्वतःची, वाचनालयाची फक्त खुर्ची, दिवा आणि शांतता. देवघेवीच्या टेबलापाशी कुणी नोकरीच्या जाहिरातीतली अट समजावून घेत असतो, कुणाला जुन्या अंकातला लेख हवा असतो. एक आजी सुनेच्या नावावर पुस्तक नेतात आणि ते घरात तिघीजणी वाचतात. देवघेव नोंदवहीत यातली फक्त शेवटची नोंद सापडेल, तीही एका पुस्तकाची. बाकी सगळी माणसे सरकारदरबारी वाचनालयात आलेलीच नसतात!

याचा फटका कसा बसतो ते सांगतो. माझ्या परिचयाच्या एका ग्रंथालयात देवघेव घटली म्हणून संध्याकाळची वेळ कमी करायचे घाटत होते. तिथल्या ग्रंथपालबाईंनी दर तासाला अभ्यासिकेत फेरी मारून डोकी मोजायला सुरुवात केली. कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा ओढून ठेवल्या, एवढेच. जी वेळ बंद करायची होती, नेमक्या त्याच वेळी सर्वांत जास्त खुर्च्या भरलेल्या निघाल्या. कार्यकारी मंडळाने तो कागद पाहिला आणि विषय मागे घेतला. तो कागद नसता तर त्या मुलांची बाजू कुणी मांडली असती?

कोल्हापूरने या बाबतीत मागे राहू नये असे मला कळकळीने वाटते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, मद्रासच्या १९४८ च्या कायद्याच्याही आधी. आज ज्या कायद्याखाली आपली ग्रंथालये चालतात, तो महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. ज्या गावाने ग्रंथालय ही लोकांची गरज म्हणून कायद्यात आणली, तिथे लोक ते कसे वापरतात याची धड नोंद नसावी, हे बरे नाही.

मोजायचे कसे, हा प्रश्न जगात केव्हाच सोडवलेला आहे. युनेस्कोने १९७० मध्येच ग्रंथालयांच्या आकडेवारीत एकसूत्रता आणण्याची शिफारस केली. आयएसओ २७८९ या आंतरराष्ट्रीय मानकात भेट कशाला म्हणायचे, देवघेव कशी धरायची, सक्रिय सभासद कोण, याच्या व्याख्या आहेत. व्याख्येला फार महत्त्व आहे. अनामत भरून वर्षभर न फिरकलेला सभासद एका ग्रंथालयाने मोजला आणि दुसऱ्याने वगळला, तर दोघांच्या आकड्यांची तुलना करण्यात काहीच अर्थ उरत नाही. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयांची दरवर्षी पाहणी होते आणि एकेका ग्रंथालयाचे आकडे कुणालाही बघायला मिळतात. तिथेही रोज मोजणे जमत नसेल तर नेहमीसारखा एक आठवडा निवडून त्यावरून वर्षाचा अंदाज काढायची मुभा आहे. आपल्याकडे परीक्षेचा हंगाम, सुट्ट्या आणि पाऊस यांमुळे गर्दी फार कमीजास्त होते, म्हणून एकाऐवजी दोन-तीन आठवडे घ्यावेत.

यासाठी संगणक लागतोच असे नाही. जिथे कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली वापरात आहे तिथे देवघेवीचा महिनावार तक्ता लगेच निघतो, कुणी मागत नाही म्हणून तो काढला जात नाही. 'ड' वर्गाच्या खेड्यातल्या वाचनालयाला वही आणि पेन्सिल पुरे. आत आलेली माणसे, अभ्यासिकेतल्या भरलेल्या खुर्च्या, टेबलावर वाचून ठेवलेली पुस्तके आणि विचारलेले प्रश्न एवढे मोजले तरी खूप झाले. मला स्वतःला आणखी एक नोंद सर्वांत मोलाची वाटते. वाचकाने मागितले आणि मिळाले नाही, असे पुस्तक. ग्रंथखरेदीच्या वेळी ही यादी समोर असेल तर कपाटात वर्षानुवर्षे न हलणारी पुस्तके निम्म्याने कमी होतील, असा माझा विश्वास आहे.

मात्र हे आकडे लगेच अनुदानाला जोडू नयेत. आकड्यावर पैसे ठरायला लागले की नोंदवही घरी बसूनही भरता येते. सभासदसंख्येच्या अटीपायी कागदावरचे सभासद कसे वाढतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिली काही वर्षे ही माहिती निव्वळ माहिती म्हणून घ्यावी आणि कमी आकडा आला म्हणून कुणालाही नोटीस काढू नये. शिवाय आकड्याशेजारी कारण लिहायला जागा हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या गावांतले व्यवहारच ठप्प झाले होते. अशा वर्षी वाचक घटले तर तो ग्रंथालयाचा दोष कसा?

आणखी एक पथ्य. मोजायचे ते वापराला, माणसाच्या आवडीला नाही. कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले, हे ग्रंथालयाबाहेर जाता कामा नये. बाहेर पाठवायच्या तक्त्यात नाव, पत्ता, सभासद क्रमांक यांतले काहीही असू नये.

सध्या माहिती फक्त खालून वर जाते, परत येत नाही. राधानगरीच्या वाचनालयाला आपल्याएवढ्याच गडहिंग्लजच्या वाचनालयात बालविभाग कसा चालतो, हे कळायला काही मार्ग नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सिद्धांतांपैकी पहिला आपल्या बहुतेक ग्रंथालयांत भिंतीवर लावलेला असतो, 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत'. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन साजरा होतो, प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या सर्व मान्यताप्राप्त ग्रंथालयांच्या वापराचा तक्ता जाहीर करावा आणि त्याची एक प्रत प्रत्येक ग्रंथालयाच्या सूचना फलकावर लावावी, अशी माझी ग्रंथालय संचालनालयाला आणि जिल्हा ग्रंथालय संघाला विनंती आहे. शासनाचा नमुना बदलायला वेळ लागेल. तोवर सभासदांनी आपल्या ग्रंथालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद मंजूर करण्यापूर्वी उभे राहून विचारावे, यंदा वाचायला किती माणसे आली?

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर