ओढ्याला कुंपण नको

महोदय,

'बारमाही ओढा, मागे जंगल, फार्महाऊससाठी उत्तम' अशी बामणोलीकडच्या जमिनीची जाहिरात परवा वाचली. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. डोंगरातल्या नाचणीवर घर चालत नाही. पण जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ओढा सरकारी मालकीचा असतो, सातबाऱ्यासोबत तो मिळत नाही. घेणाऱ्याने तारेचं कुंपण घातलं, तर खालच्या वाडीची गुरं पाण्याला कुठं जाणार? आणि शेतकरी नसेल त्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेताच येत नाही, हे जाहिरातीत कुठंच नाही. आणि जंगलाचं म्हणाल, तर कोयनेचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गवे, अस्वलं आमच्या शिवारातही उतरतात. भूमी अभिलेख खात्यानं ओढ्यांची हद्द मोजून तिची माहिती ग्रामपंचायतीत लावावी.

– एक शेतकरी, ता. जावळी, जि. सातारा